ऑप्शन फॉर्म उघडण्याआधी: मुलांसोबत इंजिनिअरिंगचं कॉलेज ठरवताना

आपल्याकडे इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडायची वेळ कॉलेज मिळाल्यावर येत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये नावं वरखाली लावतो, तेव्हाच निवड होऊन गेलेली असते. गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे तुमच्या मुलाची पाळी आली की कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, संगणक त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिली जागा शिल्लक दिसेल तिथे थांबतो. त्याला बाकी काही कळत नाही. म्हणून पालकांची खरी मदत या क्रमासाठी लागते, आणि ती फॉर्म उघडण्याच्या महिनाभर आधी सुरू व्हावी लागते.

मी सातारा जिल्ह्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते. दर जून-जुलैत याद्या घेऊन पालक आमच्या स्टाफरूममध्ये येतात. पण मी हे शिकले ते माझ्या थोरलीच्या वेळी. तिला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री तिच्या बाबांनी आणि मी तिच्या यादीच्या डोक्यावर एक नाव चढवलं: तिच्या आत्याच्या गावातलं कॉलेज, कॉम्प्युटर ब्रँच. "मिळणार थोडंच आहे, असू दे वर," असं म्हणालो. पहिल्याच फेरीत तेच मिळालं. पहिला पसंतीक्रम मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही, हा नियम तेव्हाही होता. ती चार वर्षं शिकली, नोकरीला लागली, सगळं नीट आहे. पण तिसऱ्या वर्षाला असताना एकदा जेवताना म्हणाली, "आई, त्या रात्री मला कोणी विचारलंच नाही." धाकट्याच्या वेळी मग आम्ही सगळं वेगळ्या रीतीने केलं. तीच रीत इथे सांगते आहे. उदाहरण राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप प्रक्रियेचं आहे. नियम दर वर्षी थोडे हलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सारांश नव्हे.

आधी पैशाचं बोलून घ्या, तेही मुलाच्या समोर

बहुतेक घरांत हे शेवटी होतं. मूल मनात एक कॉलेज धरून बसतं, सीट लागते आणि मग बाबा म्हणतात, "एवढे कुठून आणायचे?" सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घरची परिस्थिती कळते. आकडा लपवला की त्याला भलताच अंदाज येतो. कोणी मनातच स्वप्न मारून टाकतं, तर कोणी घराला झेपणार नाही एवढी यादी करतं.

सीईटीची परीक्षा झाली की निकालाची वाट न बघता एका संध्याकाळी वही घेऊन बसा. चार वर्षांचा एकूण खर्च लिहा, एका वर्षाचा नव्हे. कॉलेजचं शुल्क दोन भागांत येतं, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. विनाअनुदानित खासगी कॉलेजांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि मंजूर आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसतात. कॉलेजचा माणूस तोंडी सांगतो तो आकडा आणि मंजूर आकडा ताडून बघा. त्यापुढे वसतिगृह किंवा कॉट बेसिसची खोली, मेस, प्रवास, लॅपटॉप आणि परीक्षा शुल्क येतं. पुण्या-मुंबईत राहण्याजेवणाचा खर्च अनेकदा शुल्काच्या बरोबरीने जातो. हे गावाकडच्या पालकांच्या फार उशिरा लक्षात येतं.

आता सवलती. यांच्यामुळे यादीचा क्रम अक्षरशः उलटा होऊ शकतो, म्हणून इथे घाई करू नका.

मुलगी असेल आणि ती ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात असेल, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या किंवा अभिमत आणि खासगी विद्यापीठांतल्या प्रवेशाला हे लागू नाही. एकाच मुलीला एका ठिकाणी फी जवळजवळ माफ आणि दुसरीकडे पूर्ण, एवढा फरक पडतो. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना तिच्यातून शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. यांतली कुठलीही सवलत विकास शुल्काला लागू नाही, तेवढे पैसे हाताशी ठेवा.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना, ही त्याहून वेगळी गोष्ट. प्रत्येक मान्य अभ्यासक्रमात मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा या योजनेत असतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुठल्याही प्रवर्गाच्या मुलाला त्या खुल्या असतात आणि पूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ होतं. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागेचा कोड स्वतंत्र असतो. तुमचं मूल पात्र असेल तर त्याच कॉलेजच्या त्याच ब्रँचचा टीएफडब्ल्यूएस कोड नेहमीच्या कोडच्या वर लावा. कटऑफ जास्त असतो म्हणून पालक तो टाकतच नाहीत, पण टाकून नुकसान काहीच नाही: नाही लागला तर संगणक खालचा कोड वाचतो.

कर्ज काढायचं असेल तर बँकेत आधीच जाऊन या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण कर्ज आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलतही मिळते. "निवडक" हा शब्द महत्त्वाचा. यादीतली कुठली कॉलेजं त्यात बसतात ते पोर्टलवर आधी बघून घ्या.

एवढं झालं की मुलाला एक आकडा स्पष्ट सांगा: वर्षाला एवढे आम्हाला जमतील, एवढ्यापर्यंत कर्ज काढू, त्यापुढे नाही. आम्ही धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने स्वतःच दोन नावं खोडली. नंतर त्या नावांचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

कागदपत्रं

यावर थोडक्यात, कारण करायचं एकच आहे: मे महिन्यातच तहसील आणि सेतूच्या खेपा संपवा. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जातीचा दाखला आणि जात वैधता. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ जातो. तिचा अर्ज खरं तर अकरावीतच करायला हवा. आधार, दहावीचं गुणपत्रक आणि लीव्हिंग सर्टिफिकेट यांवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते बघा. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की तिच्यातला स्वतःचा तपशील त्याच दिवशी तपासा, कारण हरकत नोंदवायची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.

आपण कुठे उभे आहोत

सीईटीचा पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो, पण निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्यांपैकी ९२ टक्के मुलं आपल्या बरोबरीने किंवा खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे आजी-आजोबांनाही समजावून सांगा. घरातला निम्मा ताण "शेजारच्याला ९५ आणि आपल्याला ९२, तीन मार्कांनी हुकलं" अशा बोलण्यातून येतो.

कटऑफच्या पीडीएफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय असतात. मागच्या तीन वर्षांच्या उतरवून घ्या. त्या पहिल्यांदा उघडल्या की डोळे फिरतात, पण वाचायची किल्ली सोपी आहे. प्रत्येक रकान्याच्या वरचा कोड बघा. पहिलं अक्षर जी असेल तर जागा सर्वांसाठी, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होमबाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तर. खाली गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. तो त्या कप्प्यात प्रवेश मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचा असतो.

होम युनिव्हर्सिटी कुठली, यात पुष्कळ जण चुकतात. ती गावावरून ठरत नाही, बारावी कुठून दिली त्यावरून ठरते. साताऱ्याचं मूल अकरावी-बारावीला लातूरला गेलं असेल तर त्याचं होम कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ धरलं जात नाही, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ धरलं जातं. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ७० टक्के जागा होमच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात, त्यामुळे चुकीचा रकाना वाचला तर सगळा अंदाजच कोसळतो. पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी राज्यस्तराचा रकाना बघायचा.

आपल्या मुलाला लागू असलेला एकच रकाना धरून वहीत तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा असे दोन्ही. चढ-उतार दिसतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने २०२४-२५ पासून अभ्यासक्रमाच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंड-ब्रँचेसच्या तुकड्या वाढवल्या. जागा वाढल्या की कटऑफ खाली येतो. त्यावरून "कॉलेज घसरलं" असंही म्हणू नका आणि "आता आपल्याला नक्की लागतं" असंही नाही. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा: जागा दुप्पट झाल्या, शिक्षक किती वाढले?

जेईई मेन चांगली गेली असेल तर जोसाची, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाची, प्रक्रिया समांतर चालते. नागपूरचं व्हीएनआयटी हे आपल्या राज्यातलं एकमेव एनआयटी, आणि एनआयटीत निम्म्या जागा त्याच राज्यातल्या मुलांसाठी असतात. ती यादी वेगळी करा, पण चिठ्ठ्यांची पद्धत (पुढे सांगते) दोन्हींना तीच.

खासगी विद्यापीठांचे फोन

कॅपच्या आधीच हे फोन सुरू होतात. "तुमच्या मुलाची निवड झाली आहे, शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरले तर सीट पक्की, शिष्यवृत्तीही मिळेल." आमच्या घरी असा फोन रात्री नऊ वाजता आला होता, आणि धाकट्याचा चेहरा उजळलेला मला अजून आठवतो. कोणीतरी आपल्याला बोलावतंय, याचं त्या वयात फार वाटतं. त्या आनंदावर लगेच पाणी टाकू नका. "छान झालं, एक पर्याय हातात आला," असं म्हणा आणि मग तीन गोष्टी लेखी मागा, ई-मेलवर. चारही वर्षांचं शुल्क किती आणि ते दर वर्षी वाढणार का. शिष्यवृत्ती पहिल्याच वर्षाची की चारही, आणि टिकवायला किती सीजीपीए लागतो. प्रवेश रद्द केला तर कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत.

शेवटच्या प्रश्नाला यूजीसीचा आधार आहे. प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत द्यावं आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत, असे यूजीसीचे नियम आहेत. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये वजा करून, असं यूजीसीने जाहीर केलं होतं. तुमच्या वर्षाचं परिपत्रक शोधा, त्याची प्रत सोबत ठेवा आणि मगच पैसे भरा.

या विद्यापीठांत काही चांगलीही असतात. काहींच्या प्रयोगशाळा बघून मीही थक्क झाले आहे. तुलना मात्र चार वर्षांच्या एकूण खर्चावर, सवलती वजा करून करा.

ब्रँच की कॉलेज

हा वाद दर वर्षी दर घरात होतो. माझं मत मांडते, पटलं तर घ्या.

ज्या मुलाला एखाद्या विषयाची खरी ओढ आहे, त्याने ब्रँच धरावी आणि कॉलेज एक पायरी खाली आलं तरी चालवून घ्यावं. ओढ म्हणजे त्याने आपणहून काहीतरी केलेलं असतं: पंख्याची मोटर उघडलेली, यूट्यूब बघून छोटा प्रोग्रॅम लिहिलेला, गावात चाललेल्या पुलाच्या कामावर तासभर उभं राहिलेलं. ज्याला अजून काही ठरवता येत नाही, त्याने कॉलेज धरावं. चांगल्या कॉलेजात चांगली सोबत मिळते, स्वायत्त संस्थांत दुसऱ्या विभागाचे विषय मायनर म्हणून घेता येतात, आणि काही ठिकाणी पहिल्या वर्षाच्या गुणांवर ब्रँच बदलता येते. या बदलाच्या जागा अगदी मोजक्या असतात. त्या बदलाच्या भरवशावर नको असलेली ब्रँच घेऊ नका.

सगळ्यांनी कॉम्प्युटरच घ्यायचं, हा आग्रह मला पटत नाही. गणिताच्या वर्गात मुलं रोज समोर असतात. कोणाला आकृती काढल्याशिवाय कळत नाही, कोणाला सूत्र दिसलं की पुरतं. पहिल्या मुलाला मेकॅनिकल किंवा सिव्हिलमध्ये जे सुख मिळेल ते दिवसभर कोडसमोर बसून मिळेलच असं नाही. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी, या जुन्या संस्थांत अशा मूळ ब्रँचेस अनेक वर्षं शिकवल्या जात आहेत आणि शासकीय-अनुदानित शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं. केमिकलकडे ओढा असेल तर मुंबईच्या आयसीटीचा (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) विचार केल्याशिवाय यादी पूर्ण करू नका.

ब्रँचचं नाव लांबलचक असेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून मूळ ब्रँचच्या शेजारी ठेवा. आम्ही धाकट्यासोबत हे केलं तेव्हा एका नव्या नावाच्या ब्रँचमधले बहुतेक विषय कॉम्प्युटरचेच निघाले, फरक चार-पाच पेपरांचा. मग त्याने दोन्ही कोड खालीवर लावले आणि यादीचा एक गुंता सुटला.

मान्यता तपासताना एक भेद ध्यानात ठेवा. नॅक आणि एनबीए ही दर्जाची दोन वेगळी मानांकनं: नॅक संपूर्ण संस्थेला असतं, एनबीए प्रत्येक ब्रँचला वेगळं. कॉलेजच्या कमानीवर "एनबीए मानांकित" लिहिलेलं असतं आणि तुमच्या मुलाला हवी ती नवी ब्रँच त्यात नसते. एनबीएच्या संकेतस्थळावर ब्रँच आणि मुदत दोन्ही दिसतात.

जाऊन या, पण कार्यक्रमाच्या दिवशी नको

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजं नटलेली असतात. त्याआधी, सत्र चालू असताना, कुठल्याही मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जा. मुलाला पुढे चालू द्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या. आपण दोन पावलं मागे.

आम्ही एप्रिलच्या शेवटी दोन कॉलेजं बघितली. पहिलं नवं, काचेचं, लॉबीत गारवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला कुलूप होतं, शिपायाने किल्ली आणायला वीस मिनिटं घेतली. आत ऑसिलोस्कोप ओळीने मांडलेले, काहींवरचं प्लॅस्टिकही तसंच. दाराशी टेबलावर लॉगबुक होतं. धाकट्याने ते सहज उघडलं. शेवटची नोंद फेब्रुवारीतली.

दुसरं जुनं, दगडी पायऱ्या झिजलेल्या. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते तरी लॅब उघडी. चार मुली आणि दोन मुलं एका सर्किटवर वाकलेली, सोल्डरचा वास दारापर्यंत येत होता, आणि लॅब असिस्टंट किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणत होते, "चला आता, मला एसटी गाठायची आहे." धाकटा त्या टेबलाशी पंधरा मिनिटं उभा राहिला. त्यातल्या एका मुलीने त्याला प्रोब कसा धरायचा ते दाखवलं. परतीच्या वाटेवर तो काहीच बोलला नाही, पण मला कळलं होतं.

तिथे काय बघायचं? लायब्ररीत मुलं बसलेली आहेत का. सूचना फलकावरच्या सूचना कधीच्या आहेत. विभागाच्या दारावरच्या पाट्या आणि संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी जुळते का. मुलगी असेल तर संध्याकाळी सातनंतर वसतिगृह ते बसथांबा स्वतः चालून बघा आणि वसतिगृह सगळ्या वर्षांना मिळतं की फक्त पहिल्या, ते विचारा. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजून बोलतं करा. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं तर "चांगलं आहे" एवढंच मिळतं. "मागच्या सेमिस्टरमध्ये किती प्रॅक्टिकलं प्रत्यक्ष झाली?" असं विचारा.

प्लेसमेंटचा फलक सगळीकडे असतो आणि त्यावर सगळ्यात मोठं पॅकेज सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं. तो आकडा एका मुलाचा असतो. विचारा: या ब्रँचमध्ये किती जण शेवटच्या वर्षाला होते, किती जणांना नोकरी लागली, आणि पगाराच्या क्रमाने उभं केलं तर मधल्या मुलाचा पगार किती. उत्तर देताना समोरचा टाळाटाळ करत असेल तर वहीत तेही लिहा.

चिठ्ठ्या

आता यादी. आम्ही जुन्या कॅलेंडरची पानं कापून मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक कॉलेज-ब्रँच जोडी लिहिली. एक चिठ्ठी, एक कोड. अठ्ठेचाळीस झाल्या. सगळ्या हॉलच्या फरशीवर पसरल्या आणि पंखा बंद केला.

मग नियम. पहिला तास पालकांनी बोलायचं नाही. मूल एक चिठ्ठी उचलतं, आधी लावलेल्या रांगेतल्या चिठ्ठीशेजारी धरतं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारतं: या दोन्ही आज हातात मिळाल्या, तर कुठली ठेवीन? वरची ठरली की वर सरकवायची, पुढची उचलायची. कटऑफ त्या वेळी बघायचाच नाही. "लागेल का" हा विचार क्रमात आला की यादी बिघडते. जे जास्त आवडतं ते वर, मग ते लागण्याची शक्यता कमी असली तरी. वर अवघड नाव ठेवल्याने खालचं नाव हातचं जात नाही. हे पालकांना पटवायला मला दर वर्षी सगळ्यात जास्त वेळ लागतो.

रांग पूर्ण झाली की आई-बाबांना प्रत्येकी तीन चिठ्ठ्यांवर प्रश्न विचारायची मुभा. प्रश्न म्हणजे प्रश्न, हुकूम नव्हे. "हे याच्या वर का?" मुलाने कारण सांगितलं की विषय संपला. धाकट्याच्या बाबांनी पुण्याचं एक नाव आठव्या क्रमांकावर का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "खोलीचं भाडं धरून ते आपल्या आकड्याच्या बाहेर जातं बाबा, कर्ज वाढेल." त्यावर आम्हाला दोघांनाही काही बोलता आलं नाही.

त्यानंतर खालून वर या आणि प्रत्येक चिठ्ठीला विचारा: ही लागली तर तू खरंच जाशील? उत्तर "नाही" असेल तर चिठ्ठी काढून टाका. यादीत भर म्हणून नावं नकोत. शेवटी कटऑफची वही उघडा आणि तळाशी अशा सात-आठ चिठ्ठ्या आहेत का बघा, ज्या मागच्या तिन्ही वर्षी तुमच्या मुलाच्या पर्सेंटाइलच्या बऱ्याच खाली बंद झाल्या आणि जिथे ते आनंदाने जाईल. नसतील तर अजून शोधा. दोन दिवसांनी जुनी यादी न बघता मुलाला पुन्हा चिठ्ठ्या लावायला सांगा. दोन वेळच्या यादींत जिथे क्रम बदलला, तिथेच अजून माहिती हवी आहे असं समजा.

फेऱ्या आणि फ्रीझ

२०२५ च्या प्रवेशांपासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि आपोआप फ्रीझ होण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर सीट पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही. मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून चिठ्ठ्यांमधल्या पहिल्या सहा पुन्हा एकदा हातात घ्या. सहावी लागली आणि पहिलीचा रस्ता बंद झाला तर मूल हळहळेल का? हळहळेल असं वाटत असेल तर अजून बोला. या सहांत पालकांच्या समाधानासाठी घातलेलं एकही नाव नको. आमच्या थोरलीचं तेच झालं होतं.

त्याखालचा पर्याय मिळाला तर दोन वाटा. आहे ते पुरेसं असेल तर स्वतः फ्रीझ करायचं, नाहीतर सीट स्वीकारून, स्वीकृती शुल्क भरून बेटरमेंटला जायचं. बेटरमेंटमध्ये वरचा पर्याय लागला की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. वरचं काही लागलं नाही तर आधीची राहते. बेटरमेंट निवडताना एवढंच बघा की वरच्या प्रत्येक नावावर मूल अजूनही ठाम आहे ना.

फॉर्म मुलाच्या हाताने भरू द्या, मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर. एकाने चिठ्ठीवरचा कोड मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने टाइप करावा. कॉलेजची नावं सारखी असतात, कोड नसतात. नेटकॅफेत भरत असाल तर लॉगिन आणि पासवर्ड तिथे कोणालाही देऊ नका, ओटीपी तर नाहीच. कन्फर्म केल्यावर छापील प्रत काढून चिठ्ठ्यांच्या क्रमाशी ताडून बघा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, त्या रात्री सर्व्हर रांगत चालतो.

सीट लागल्याच्या दिवशी नातेवाइकांना कळवण्याआधी मुलासोबत तासभर बसा. अपेक्षेपेक्षा खालची लागली असेल तर त्याला रडू द्या. "आम्ही सांगत होतो" हे वाक्य त्या घरात त्या दिवशी उच्चारायचं नाही. चांगली लागली असेल तर पेढे आणा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाताना मूळ कागदपत्रांचे पाच संच झेरॉक्स करून न्या आणि मोबाइलवर प्रत्येक कागद नीट स्कॅन करून ठेवा. मूळ कागद कॉलेजकडे जमा झाले की महाडीबीटी, बँक आणि वसतिगृह या तिन्हींसाठी तेच कागद पुन्हा लागतात, आणि तेव्हा मूल दुसऱ्या गावात असतं, तुम्ही घरी.